प्रेक्षकाचे मत आणि मोजणीची वही



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. तो अमेरिकेतल्या एका वात्रट कार्टूनमालिकेवर आणि ती घरबसल्या पाहणाऱ्या लोकांच्या मतांवर बोलणार म्हणजे ह्याला विषय मिळाला नाही काय, असे कोणी मनात म्हणाले असेल तर त्यांना मी दोष देणार नाही. परंतु ज्या प्रश्नाने माझे अर्धे आयुष्य व्यापले, तोच प्रश्न ह्या मालिकेच्या हकिकतीत मला भेटला, म्हणून हा विषय मी मागून घेतला. तो प्रश्न असा: सामान्य माणसाला मत असते, पण ते मत मोजतो कोण, आणि मोजणीची वही असते कोणाच्या हातात?

प्रथम मालिकेची ओळख करून देतो. तिचे नाव 'फॅमिली गाय'. ह्यातली गाय आपली गोठ्यातली नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर सभेत निराळाच गोंधळ व्हायचा. इंग्रजीत 'गाय' म्हणजे गडी, माणूस. म्हणजे 'कुटुंबवत्सल गृहस्थ' असे काहीसे नाव झाले. गृहस्थाचे नाव पीटर ग्रिफिन. अंगाने अगडबंब, डोक्याने हलका, खाण्यापिण्यात जबर. त्याची बायको लोईस, तीन मुले आणि एक कुत्रा. तीन मुलांतले सर्वांत धाकटे, स्ट्यूई, हे दुपट्यातले बाळ असून मोठ्या मुत्सद्द्यासारखे बोलते आणि आईचा काटा काढण्याचे बेत करते. कुत्रा ब्रायन हा घरातला सर्वांत सुशिक्षित प्राणी. तो दोन पायांवर चालतो, दारू पितो आणि पुस्तके वाचतो. सेठ मॅकफार्लेन नावाच्या, तेव्हा पंचविशीतल्या तरुणाने ही मालिका काढली. ३१ जानेवारी १९९९ रोजी, अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्यापाठोपाठ, 'फॉक्स' ह्या वाहिनीने तिचा पहिला भाग दाखविला आणि दोन कोटींहून अधिक लोकांनी तो पाहिला.

ह्या मालिकेची रीत अशी की, गोष्ट चालता चालता मध्येच एखादे पात्र म्हणते, 'त्या वेळी नाही का मी अमुक केले होते', आणि लगेच कथेशी काडीचा संबंध नसलेला एक प्रसंग समोर येतो, हसवतो आणि निघून जातो. आपल्या तमाशातला सोंगाड्या जसा राजा प्रवेश करत असतानाच गावच्या पाटलाची नक्कल करून जातो, तसलाच हा मामला. राष्ट्राध्यक्ष, धर्मगुरू, नटनट्या, श्रीमंत, गरीब, अपंग, म्हातारे, कोणालाही ही मालिका सोडत नाही. देवालाही सोडत नाही. साहजिकच प्रेक्षकांत पहिल्या दिवसापासून दोन तट पडले. एक तट म्हणे, इतके मोकळे हसणे आम्हाला दुसरीकडे मिळत नाही. दुसरा तट म्हणे, हा निव्वळ पाचकळपणा आहे. विनोदाला ना शेंडा ना बुडखा, आणि मुलाबाळांनी पाहण्याजोगे तर त्यात काहीच नाही. २००६ साली 'साऊथ पार्क' नावाच्या दुसऱ्या, तितक्याच वात्रट मालिकेने तर दोन भाग खर्चून ह्या मालिकेची टर उडविली. पाणगायीसारखे जलचर हौदात तरंगणारे चेंडू उचलतात, प्रत्येक चेंडूवर एक शब्द लिहिलेला असतो, आणि ते चेंडू जुळवून 'फॅमिली गाय'चे विनोद तयार होतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे भाऊबंदांनीच काढलेले हे वाभाडे.

आता हे दोन तट झाले. पण कंपनी कोणाचे ऐकत होती? ह्याचे उत्तर असे की, ती दोघांचेही ऐकत नव्हती. ती आकडा ऐकत होती. त्या काळी अमेरिकेत दूरचित्रवाणी असलेली घरे दहा कोटींहून अधिक होती, आणि नील्सन नावाची संस्था देशभरातल्या कार्यक्रमांची प्रेक्षकसंख्या ठरवी ती सुमारे पाच हजार घरांत यंत्रे बसवून. संख्याशास्त्राच्या दृष्टीने नमुना नीट निवडलेला असेल तर पाच हजारही पुरतात, हे मला मान्य आहे. भात शिजला की नाही हे पाहायला सगळे पातेले चिवडावे लागत नाही; चार शिते पुरतात. परंतु त्या मोजणीत एक अट होती. माणसाने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाहिनीसमोर बसले पाहिजे. तो बसला नाही तर त्याचे मत नाही.

आणि वाहिनीने काय केले? ह्या मालिकेचा वार आणि वेळ वारंवार बदलली. २००१-०२ च्या हंगामात तर तिला गुरुवारी रात्री आठ वाजता बसविली. त्या वेळी एका वाहिनीवर 'फ्रेंड्स' आणि दुसरीवर 'सर्व्हायव्हर', असे त्या काळचे दोन तगडे पहिलवान उभे होते. ह्या दोघांच्या मध्ये ही मालिका चेपली गेली. आकडा पडला. १४ फेब्रुवारी २००२ रोजी शेवटचा भाग दाखविला आणि २००२ मध्येच मालिका बंद करण्यात आली. मंडळी, त्या दिवशी दाखविलेल्या भागाचे नाव काय होते ठाऊक आहे? 'फॅमिली गाय – प्रेक्षकांचा पत्रव्यवहार, क्रमांक १' अशा अर्थाचे ते नाव होते. प्रेक्षकांनी सुचविलेल्या तीन गोष्टी असा देखावा करून तो भाग रचला होता. पत्रव्यवहाराचा पहिला क्रमांक निघाला आणि टपालपेटीच काढून टाकली!

चाहत्यांनी पत्रे लिहिली, सह्यांचे अर्ज केले. त्यांचा उपयोग झाला नाही. ह्यात नवल काहीच नाही. सह्यांचा अर्ज म्हणजे काय हे मी जन्मभर पाहात आलो आहे. साहेब तो अर्ज अदबीने घेतो, चहा मागवतो आणि तो खणात ठेवतो. अर्जावर सही करायला माणसाचे काही जात नाही, हे साहेबाला ठाऊक असते.

पुढे २००३ च्या एप्रिल महिन्यात दोन गोष्टी घडल्या. कार्टून नेटवर्कच्या 'अ‍ॅडल्ट स्विम' ह्या रात्रीच्या विभागात ह्या मालिकेचे जुने भाग पुन्हा दाखवू लागले. आणि पहिल्या दोन हंगामांचे अठ्ठावीस भाग चार डीव्हीडींच्या संचात विक्रीला आले. सप्टेंबरात तिसऱ्या हंगामाच्या बावीस भागांचा दुसरा संच आला. आपल्याकडे एके काळी गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ररी होत्या; दिवसाच्या भाड्याने कॅसेट आणायची, सगळ्या आळीने पाहायची आणि परत करायची, ही आपली रीत. अमेरिकेतही भाड्याची दुकाने होती. परंतु डीव्हीडी आल्यावर तिथला माणूस आख्खी मालिका विकत घेऊन पुस्तकासारखी फळीवर मांडू लागला. बंद पडलेल्या ह्या मालिकेचा पहिला संच वीस लाखांहून अधिक खपला. २००३ साली दूरचित्रवाणी मालिकांच्या डीव्हीडींत त्याचा खप सर्वांत जास्त होता.

आता मात्र कंपनीचे कान टवकारले. ह्याच फॉक्स वाहिनीने २००४ मध्ये नवे भाग मागविले आणि १ मे २००५ रोजी, म्हणजे योगायोगाने आपल्या कामगार दिनी, मालिका पुन्हा सुरू झाली. डीव्हीडीच्या खपाच्या जोरावर मेलेली मालिका जिवंत झाल्याचे हे पहिले ठळक उदाहरण. त्या भागाच्या आरंभी पीटर आपल्या कुटुंबाला सांगतो की आपण बंद पडलो आहोत, आणि त्या मधल्या काळात वाहिनीने सुरू करून पाडलेल्या मालिकांची भली लांब नामावळी एका दमात वाचून दाखवितो. ह्या एवढ्या सगळ्या पडल्या तरच आपल्याला आशा आहे, असा त्याचा भाव. धन्याच्या घरात बसून धन्याच्या चुकांची यादी वाचणे ही वात्रटपणाची फार जुनी आणि मला वाटते फार उपयोगी तऱ्हा आहे. त्या रात्री एक कोटी दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो भाग पाहिला.

जे पत्रांनी झाले नाही ते तबकड्यांनी का झाले? येथे मी माझ्या धंद्यातला दाखला देतो. गेटमीटिंगला हात वर करणारे हजार असतात. भाषण ऐकून टाळ्या वाजविणारे दोन हजार असतात. पण युनियनची ताकद ह्यांवर कोणी मोजत नाही. ती मोजतात वर्गणीच्या पावत्यांवर. आपल्या महाराष्ट्रात १९७१ साली कामगार संघटनांच्या मान्यतेचा जो कायदा झाला, त्याने मान्यतेसाठी अट घातली ती अशीच: मागील सहा महिने सतत, कामगारांपैकी निदान तीस टक्के तुमचे सभासद असले पाहिजेत. म्हणजे पावतीपुस्तक दाखवा, मग बोला. कारण वर्गणी देणारा माणूस पगारातून पैसा काढतो, घरच्या कुठल्या तरी गरजेला कात्री लावतो. त्याचे मत स्वस्त नसते.

डीव्हीडीची पावती ही अशी वर्गणीची पावती होती. ज्याने संच विकत घेतला त्याने ठरलेल्या रात्री आठ वाजता वाहिनीसमोर हजेरी लावली नव्हती. तो कदाचित दुसऱ्या पाळीला कामावर असेल, कदाचित कॉलेजातल्या वसतिगृहात असेल, कदाचित त्या वेळी शेजारच्या खोलीत आईवडील 'फ्रेंड्स' पाहात असतील. जुन्या मस्टरवर त्याची गैरहजेरी होती. तबकडीने त्याला मस्टरवर आणले. पूर्वी वाहिनी विचारी, 'तू वेळेवर होतास काय?' आता प्रेक्षक म्हणाला, 'मी माझ्या वेळेला होतो, आणि हा घे पुरावा.' म्हणून ह्या हकिकतीला मी महत्त्व देतो. मत तेच होते. मोजण्याची रीत बदलली, आणि निकाल फिरला.

परंतु येथेच टाळ्या वाजवून आपण उठलो तर अर्धेच सत्य घेऊन घरी जाऊ. पावती मोठ्याने बोलते, पण एकच वाक्य बोलते: 'घेतले.' का घेतले, त्यातले काय आवडले, काय खटकले, हे ती सांगत नाही. आणि ज्याने घेतले नाही, किंवा ज्याला घेणे परवडले नाही, त्याच्याविषयी ती काहीच सांगत नाही. एखाद्या विनोदाने ज्याच्या काळजाला घर पडले तो दुकानात जाऊन 'मी न घेतल्याची पावती द्या' असे म्हणू शकत नाही.

दोन-तीन उदाहरणे सांगतो. २००० साली ह्या मालिकेचा एक भाग तयार झाला होता. ज्यू लोक पैशाच्या व्यवहारात हुशार असतात अशा वेडगळ समजुतीने पीटर आपल्या मुलाला ज्यू करायला निघतो, आणि शेवटी ती समजूत किती खुळी आहे हे त्याला कळते, अशी त्याची कथा. लोक दुखावतील ह्या भीतीने फॉक्सने तो दाखविलाच नाही. तो प्रथम लोकांसमोर आला तो २००३ च्या दुसऱ्या डीव्हीडीसंचात. त्याच वर्षी अ‍ॅडल्ट स्विमने तो दाखविला आणि फॉक्सवर तो आला २००४ च्या डिसेंबरात. पुढे गर्भपातावरचा एक भागही फॉक्सने अमेरिकेत दाखविण्याचे नाकारले. तो २०१० मध्ये ब्रिटनमध्ये दाखविला गेला आणि अमेरिकन प्रेक्षकाला मिळाला तो त्याच वर्षी डीव्हीडीवर. म्हणजे तबकडीने प्रेक्षकाला आणखी एक अधिकार दिला: वाहिनीच्या साहेबाने ज्याला 'हे तुला सोसणार नाही' म्हटले, ते स्वतः पाहून ठरविण्याचा.

दुसरे उदाहरण त्याच २०१० सालच्या फेब्रुवारीतले. एका भागात डाऊन सिंड्रोम असलेली एक मुलगी दाखविली आणि ती अलास्काच्या माजी राज्यपालांची मुलगी असल्याचे सुचविले. सर्वांना कळले की टोमणा सारा पेलिन ह्यांना आहे. त्यांचा स्वतःचा मुलगा ह्या व्यंगासह जन्मलेला. पेलिन कुटुंब संतापले आणि अनेक प्रेक्षकही संतापले. परंतु त्या पात्राला आवाज देणारी अभिनेत्री अँड्रिया फे फ्रीडमन हिला स्वतःला डाऊन सिंड्रोम होता. तिने जाहीरपणे सांगितले की तिला तो विनोद गमतीचा वाटला. आता ह्या दोन मतांची बेरीज तुम्ही कोणत्या वहीत करणार? एका आईचे दुःख आणि एका अभिनेत्रीचा स्वाभिमान, दोन्ही खरे. ही बेरीज करता येत नाही. दोघांचे ऐकूनच घ्यावे लागते.

तिसरे उदाहरण मालिकेतल्या क्लीव्हलंड ह्या कृष्णवर्णीय शेजाऱ्याचे. त्याला दोन दशके माइक हेन्री नावाचा गोरा नट आवाज देत होता. तबकड्या खपत होत्या, आणि खपाच्या आकड्यात कोठेही तक्रार नव्हती. २०२० साली अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा हा नट आपण होऊन बाजूला झाला आणि ते काम अरिफ झहीर ह्या कृष्णवर्णीय कलावंताकडे गेले. जे वीस वर्षांच्या खपाने सांगितले नाही ते लोकांच्या शब्दांनी सांगितले. म्हणून माझे म्हणणे असे की, प्रेक्षकाने पावती फाडावी आणि तोंडही उघडावे. नुसता आकडा मुका असतो, आणि नुसते शब्द साहेबाच्या खणात जातात.

वात्रटपणाविषयी माझे मत कोणी विचारील, तर ते साधे आहे. मालकाची नक्कल गड्याने केली की सगळी पंगत हसते. गड्याची नक्कल मालकाने केली की गड्याशिवाय बाकीचे हसतात. दोन्ही हसूच, पण दोहोंत फरक आहे. 'फॅमिली गाय' दोन्ही प्रकारचे हसू विकते, आणि त्यांतला फरक ओळखण्याचे काम तिने प्रेक्षकावर सोपविले आहे. ते काम सरकारने किंवा वाहिनीने प्रेक्षकाच्या वतीने करावे असे मला वाटत नाही. परंतु प्रेक्षकाने ते टाळावे असेही वाटत नाही.

आता मी माझ्या खास प्रांतात येतो. वीस लाखांहून अधिक संच खपले. पैसे गेले कोठे? कंपनीने माल विकला, कंपनीने नफा घेतला, हे धंद्याला धरूनच झाले. पण मालिका लिहितो कोण? लेखक. चित्रे हलवितो कोण? हजारो रेखाटने करणारे कारागीर. ह्यांचा वाटा किती?

हॉलिवूडच्या लेखकांची संघटना जुनी आणि कडवी आहे. तरीसुद्धा कार्टून लिहिणाऱ्यांना बराच काळ तिचे छत्र नव्हते. 'द सिम्पसन्स', 'किंग ऑफ द हिल', 'फॅमिली गाय' अशा फॉक्सच्या रात्रीच्या कार्टूनमालिकांच्या लेखकांना ते मिळाले १९९८ मध्ये, म्हणजे 'फॅमिली गाय'चा पहिला भाग दाखविण्याच्या आधीच. छत्र मिळाले, पण घरगुती व्हिडिओबाबतचा दर ठरला होता १९८५ साली, कॅसेटच्या काळात. तो दर ऐका. कंपनीला मालविक्रीतून शंभर रुपये मिळाले असे धरा. त्यांतले ऐंशी रुपये कॅसेट तयार करणे, बांधणे, पाठविणे ह्यांचे म्हणून आधीच बाजूला काढायचे. उरलेले वीस हेच उत्पन्न मानायचे. त्या विसावर दीड टक्का लेखकाचा. म्हणजे शंभर रुपयांत तीस पैसे! विक्री दहा लाख डॉलरच्या पुढे गेली तर छत्तीस पैसे. डीव्हीडीमागे चार-पाच सेंट असा तो हिशोब पडे. कॅसेट महाग होती तेव्हा केलेली ही सवलत. तबकडी अगदी स्वस्तात निघू लागली तरी तीच चालू राहिली. सवलत एकदा दिली की तिचा हक्क कसा होतो, हे आपल्यातल्या कोणत्याही कामगाराला समजावून सांगायला नको.

५ नोव्हेंबर २००७ रोजी लेखकांनी संप केला. तबकडीचा दर दुप्पट करा, ही त्यांची एक जुनी मागणी होती. संपाच्या आदल्या दिवशी, तडजोड व्हावी म्हणून, संघटनेने ती मागणी मागे घेतली. तडजोड तरीही झाली नाही. सेठ मॅकफार्लेन तोवर मोठा धनिक झाला होता, पण तो लेखकांच्या बाजूने उभा राहिला आणि फॉक्सच्या इमारतीसमोरच्या सभेत बोलला. शंभर दिवसांनी, १२ फेब्रुवारी २००८ रोजी, संप संपला. तबकडीचे चार-पाच सेंट तसेच राहिले. मात्र इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या कामावर संघटनेचा हक्क मान्य झाला. त्या वेळी काहींनी म्हटले, हे हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागले. ते पळते पुढे काय झाले हे आता आपण पाहणार आहोत.

पण त्याआधी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ह्या मालिकांची बरीचशी हलती रेखाटने अमेरिकेत होत नाहीत. ती दक्षिण कोरियातल्या कारखान्यांत होतात. कथा, आवाज, आराखडा लॉस एंजलिसचा, हात कोरियाचे. अमेरिकन संघटनेच्या करारातले तीस पैसेही त्या हातांपर्यंत जात नाहीत. २०१० मध्ये 'द सिम्पसन्स'ने बँक्सी ह्या ब्रिटिश चित्रकाराकडून आरंभीचे एक दृश्य रचून घेतले. त्यात अंधाऱ्या कारखान्यात रांगेने बसून चित्रे रंगविणारे मजूर दाखविले होते. अतिशयोक्ती होती, हे उघड आहे. पण ते दृश्य पाहून अनेक प्रेक्षकांनी पहिल्यांदाच विचारले की हे कार्टून काढते तरी कोण? वात्रटपणाने कामगारासाठी केलेले हे एक चांगले काम मी मानतो.

आता पुढची पायरी. तबकडीचे दिवस सरले. लोक आता इंटरनेटवरून, महिन्याची वर्गणी भरून, मालिका पाहतात. वर्गणी म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा. पण ही वर्गणी निराळी आहे. तुम्ही वर्गणी भरता ती सगळ्या दुकानाची. तुम्ही कोणती मालिका किती वेळा पाहिली, कोठे कंटाळून थांबलात, कोणता विनोद मागे नेऊन पुन्हा पाहिला, ह्याची नोंद कंपनीकडे होते. पाच हजार घरांची नव्हे, प्रत्येक घराची. प्रेक्षकाच्या मताची इतकी बारीक वही जगात पूर्वी कधी लिहिली गेली नव्हती. आणि ती वही कुलपात! तबकडीच्या काळी खपाचा आकडा बाजारात फुटत असे. चाहता म्हणू शके, 'पाहा, आम्ही वीस लाख आहोत.' आता एखादी मालिका बंद झाली तर चाहत्याला आपण वीस लाख आहोत की वीस हजार, हे कळण्यास मार्ग नाही. आणि लेखकालाही कळण्यास मार्ग नाही. आपण किती उत्पादन काढले हे ज्या कामगाराला ठाऊक नाही, तो बोनस कशाच्या आधारावर मागणार?

म्हणूनच २०२३ सालचा लेखकांचा संप मला महत्त्वाचा वाटतो. २ मे ते २७ सप्टेंबर, एकशे अठ्ठेचाळीस दिवस तो चालला. पगाराच्या, माणसांच्या संख्येच्या, यंत्रबुद्धीच्या मागण्या होत्याच. पण त्यांत एक मागणी अशी होती की, वही दाखवा. ती काही अंशी मान्य झाली. मोठ्या खर्चाच्या मालिका किती तास पाहिल्या गेल्या हे कंपन्यांनी संघटनेला, गुप्ततेच्या अटीवर, कळवावयाचे ठरले. आणि अशा नव्या मालिका पहिल्या नव्वद दिवसांत देशातल्या वीस टक्के वर्गणीदारांइतक्या प्रेक्षकांनी पाहिल्या तर लेखकांना जादा रक्कम द्यावयाची ठरली. त्याच वर्षी डिसेंबरात नेटफ्लिक्सने आपल्या हजारो कार्यक्रमांचे पाहिलेले तास स्वतःच जाहीर केले. कुलूप पुरते उघडले नाही. पण किल्ली फिरली. २००८ साली ज्याला पळते म्हणून हिणविले, त्याच हक्काच्या पायावर २०२३ ची ही मागणी उभी राहिली.

तबकडी गेल्याने आणखी एक गोष्ट गेली. २०१९ च्या मार्चमध्ये 'द सिम्पसन्स'चा मायकेल जॅक्सनचा आवाज असलेला १९९१ सालचा भाग, त्याच्यावरचे गंभीर आरोप नव्याने पुढे आल्यावर, निर्मात्यांनी प्रसारणातून काढून घेतला. त्यांचा निर्णय योग्य की अयोग्य ह्यावर मतभेद होतील. परंतु ज्यांच्या फळीवर तो संच होता त्यांना तो भाग पाहून आपले मत बनविता येत होते. बाकीच्यांना निर्णय तेवढा कळला. ज्या पुस्तकावर वाद घालायचा ते वाचायला मिळाले पाहिजे, हे तत्त्व ग्रंथालये चालविणाऱ्या ह्या गावाला मी काय सांगावे!

मंडळी, आपण म्हणाल, अमेरिकेतल्या एका गमत्या कुटुंबाच्या तबकड्यांशी आपला संबंध काय? संबंध एवढाच की, आपणही प्रेक्षक आहोत आणि आपल्यापैकी प्रत्येक जण रोज कोठे ना कोठे मत देत असतो. बटण दाबून, पैसे भरून, नाहीतर नुसते पाहात बसून. ते मत नोंदले जाते. प्रश्न एवढाच उरतो की, ती नोंद आपल्याला दिसते काय, तिच्यावर आपल्याला बोलता येते काय, आणि ज्याने ती वस्तू घडविली त्याला तिचा वाटा मिळतो काय. ह्या तीन प्रश्नांना 'होय' म्हणता आले तरच प्रेक्षकाच्या मताला किंमत आहे असे म्हणता येईल. 'फॅमिली गाय'च्या चाहत्यांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही वर्षे मिळाले होते, दुसऱ्याचे अर्धेमुर्धे, आणि तिसऱ्याचे शंभरात तीस पैसे.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी मालिका आवडली तर नुसते हसून थांबू नका. शेवटी जी नावे भराभर वर सरकतात ती दोन मिनिटे थांबून वाचा. खटकली तर नुसते बटण फिरवू नका. काय खटकले ते लिहा, चार माणसांत बोला. आणि ते नावे सरकविणारे लोक कधी रस्त्यावर बसलेले दिसले, तर 'आमचा कार्यक्रम का बंद पाडला' असे विचारण्याआधी 'तुमचा हिशोब काय आहे' एवढे विचारा. तो हिशोब फार लांबलचक नसतो. तो समजावून घ्यायला माझ्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसाला एक संध्याकाळ पुरली.

 ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी सभा संपल्यावर जरूर भेटावे. मी दाराशीच उभा आहे.